दुसऱ्या मजल्याचे दार लावायला मी सांगितले

जबाब

नाव: नाजिया फारूक मणियार
वय: ३१ वर्षे
व्यवसाय: नोकरी, अग्निसुरक्षा तपासणी अभियंता
राहणार: इतवारा, नांदेड

मी वरील नावाची, कोणी न बोलावता स्वतःहून ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, कालपासून लोकांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत आहे. त्यात बजरंग सोनटक्के हे जिन्यातले लोखंडी दार लावून त्याला पाठ टेकून उभे आहेत आणि आतून कोणीतरी दारावर थापा मारत असल्याचा आवाज येतो. त्या थापा मारणारी बाई मी आहे. मी जिवंत आहे. आत राहिलेली दुसरी मुलगी सृष्टी हीसुद्धा जिवंत असून आत्ता ठाण्याबाहेर चहाच्या टपरीवर तिच्या वडिलांसोबत बसलेली आहे. ते दार लावायला बजरंग यांना मी सांगितले. हे सर्वांत आधी लिहून घ्यावे असा मी आग्रह धरला, म्हणून ते आधी घेतले आहे. बाकीचे क्रमाने सांगते.

मी नांदेड येथील एका खाजगी संस्थेत कामाला आहे. मोठ्या इमारतींमध्ये आग अडवणारी दारे बसवलेली असतात, ती नीट आहेत की नाहीत हे पाहून संस्थेला अहवाल देणे हे माझे काम. असे दार जाड पत्र्याचे असते, आत न जळणारा भराव असतो, आणि कडेने एक पट्टी असते, ती ऊब लागली की फुगते आणि फट बुजवते. जिन्याच्या तोंडाशी हे दार असते. मजल्यावर आग लागली तर धूर जिन्यात येऊ द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. जिना स्वच्छ राहिला तर वरची माणसे उतरून जातात. जिन्यात धूर भरला तर वरचे वरच राहतात. पण दार हे काम लागलेले असेल तरच करते. उघडे असेल तर ते असून नसून सारखेच. हे सांगताना मी उठून उभी राहिले होते. जबाब घेणाऱ्या महिला हवालदार रुद्राणी स्वामी मॅडम यांनी मला बसून व हळू सांगण्यास सांगितले.

सदरची इमारत लातूर शहरात क्लासेसच्या भागात आहे. खाली झेरॉक्सची दुकाने व मेस, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर क्लासचे वर्ग, तिसऱ्या मजल्यावर मुलींची अभ्यासिका. इमारतीला दोन जिने आहेत, एक रस्त्याच्या बाजूचा व एक मागच्या गल्लीत उतरणारा. प्रत्येक मजल्यावर एक लांब पॅसेज आहे आणि त्याच्या दोन टोकांना हे दोन जिने. दोन्ही जिन्यांच्या तोंडाशी मी वर सांगितले तसली दारे आहेत. इमारतीचे मालक रामलिंग शेटकार. देखरेखीला बजरंग सोनटक्के, गाव देवणीकडचे, वय पन्नाशीच्या पुढे. तिथल्या मुली त्यांना मामा म्हणतात. काल दुपारपर्यंत मीही म्हणू लागले होते, म्हणून पुढे बजरंगमामा असेच सांगते.

काल सकाळी मी नांदेडहून एसटीने लातूरला आले व तपासणीला सुरुवात केली. बजरंगमामा माझ्यासोबत होते. पुढच्या जिन्याची दारे सगळ्या मजल्यांवर उघडी होती. कुठे पाण्याचा जार लावलेला, कुठे तुटका बाक. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या खटक्याला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली होती. मी विचारले तर बजरंगमामा म्हणाले, "दार लई जोरात आदळतंय म्याडम. पोरी अभ्यास करायल्यात, त्यांच्या कानात बसतंय. म्हणून म्याच बांधली." मी चिंधी सोडली. खटका वाकलेला होता. दार ढकलले की कधी बसायचे, कधी मागे यायचे. त्याच दारावर जिन्याच्या बाजूने क्लासच्या गुणवंतांचे मोठे कागदी पोस्टर चिकटवलेले होते, ते काढायलाही मी सांगितले.

मागच्या जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावरील दाराला साखळी व कुलूप होते. किल्ली मालकांकडे. मी बजरंगमामांच्या फोनवरून मालकांशी बोलले. ते म्हणाले, मागून बाहेरची पोरं चढतात, साखळी राहील, तुम्ही तुमचा शेरा चांगला द्या. मी म्हणाले, माणसाला आतून उघडता येत नाही त्या दाराला मी भिंत म्हणते, आणि तसेच लिहीन. त्यांनी फोन ठेवला. मी रागात होते. जरा वेळाने त्यांनी मला विचारले, "खरंच सांगा, हे बंद राहिलं तर काय व्हतंय?"

मी म्हणाले, "पुढच्या बाजूला आग लागली तर मागं आलेली पोरगी या दारापाशी येऊन थांबेल. तिथून पुढं नाही."

ते खाली गेले, करवतीचे पाते घेऊन आले आणि साखळी कापायला बसले. मी म्हणाले, "मालक तुम्हाला ओरडतील." त्यावर ते म्हणाले, "ओरडू द्या की. त्यांच्या पोरी हितं शिकत न्हाईत." साखळी कापून झाल्यावर त्यांनी छातीचा पंप काढून ओढला. त्यांना दमा आहे हे मला तेव्हा समजले. साखळीचे तुकडे त्यांनी मागच्या जिन्याच्या कोपऱ्यात टाकले. ते आज सकाळीही तिथेच होते, मी ते अग्निशमनच्या अधिकाऱ्यांना दाखवले आहेत. ते पंचनाम्यात घ्यावेत.

दुपारी साडेतीनच्या सुमारास आम्ही परत दुसऱ्या मजल्यावर पुढच्या दारापाशी होतो. बजरंगमामांनी दार धरले होते, मी पकडीने खटका सरळ करत होते. लाइट गेलेली होती, सगळे इन्व्हर्टरवर चालू होते. इन्व्हर्टर व त्याच्या बॅटऱ्या पॅसेजच्या मधोमध एका लहान खोलीत ठेवलेल्या आहेत, तिला साधे प्लायवुडचे दार आहे. आधी आंबूस, घशाला झोंबणारा वास आला. बजरंगमामा म्हणाले, "काय जळायलंय?" तेवढ्यात त्या खोलीतून टायर फुटल्यासारखा आवाज झाला व दाराखालून धूर बाहेर आला. पांढरा नव्हे. काळा.

त्या वेळी मजल्यावर दाराजवळचा एकच वर्ग चालू होता, तिथे मल्लिनाथ सर शिकवत होते. मी आत ओरडले. सरांनी मुलींना वह्या उचलू दिल्या नाहीत, ओळीने बाहेर काढले आणि स्वतः त्यांच्यासोबत खाली उतरले. बजरंगमामांनी जिन्यात तोंड वर करून हाक दिली, "पोरींनो, आग हाय! पिशव्या टाका, खाली या! पळू नका, पण या!" आग लागल्यावर वाजायला हवी ती घंटा वाजली नाही. त्यांचा आवाज मात्र वरपर्यंत गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेतल्या मुली उतरू लागल्या. जिना भरला.

या वेळी लुंबिनी नावाची एक मुलगी उतरणाऱ्यांमधून उलटी वर आली आणि रडत म्हणाली, "सृष्टी आत हाय! शेवटच्या खोलीत पेपर सोडवायलीय, कानात हेडफोन हायत तिच्या!" शेवटची खोली म्हणजे पॅसेजच्या मागच्या टोकाची, मागच्या जिन्याला लागून असलेली. लुंबिनीला कोणीतरी हाताला धरून खाली नेले.

मी पॅसेजकडे पाहिले. धूर छतापासून खाली माणसाच्या छातीपर्यंत आलेला होता, त्याखाली मोकळे होते. मग मी जिन्याकडे पाहिले. आम्ही दार उघडे धरून उभे होतो आणि सगळा धूर आमच्या डोक्यावरून जिन्यात शिरत होता. जिना धुराड्यासारखा ओढतो. वरच्या वळणावर मुली खोकू लागल्या होत्या. एक मुलगी पायरीवर खाली बसली, तिच्या मागच्या तिथेच अडकल्या. दार लावणे भाग होते. आणि एक मुलगी दाराच्या आत होती.

मी बजरंगमामांना म्हणाले, "मामा, मी आत जाते. माझ्यामागं दार लावा."

ते म्हणाले, "अन् तुम्ही?"

"तिला घेऊन मागच्या जिन्यानं उतरते."

"तुम्हाला आत टाकून दार लावू? मला न्हाई जमायचं. सरका, म्याच जातो."

मी म्हणाले, "तुम्हाला दमा आहे मामा, अर्ध्यात बसाल. आणि या पोरी माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतात. वर बघा."

त्यांनी वर पाहिले. मग दाराची मूठ धरली.

मला विचारण्यात आले की, खाली उतरून गल्लीला वळसा घालून मागच्या जिन्याने वर का गेले नाही. जिना मुलींनी भरलेला होता आणि वळसा मोठा आहे. मी स्वतः प्रशिक्षणात लोकांना सांगते की बाहेर पडल्यावर कोणीही आत परत जायचे नाही. ते बरोबर आहे आणि यापुढेही मी तसेच सांगणार आहे. काल मी गेले.

मी बाटलीतले पाणी ओढणीवर ओतून ती तोंडाला बांधली व आत पाऊल टाकले. बजरंगमामा म्हणाले, "लवकर जा, लेकी." तोपर्यंत ते मला म्याडम म्हणत होते. त्यांनी दार लोटले. मी आतून थाप मारून पाहिली, कारण खटका बसला की नाही हे तसेच कळते. दार मागे हलले. मी ओरडले, "बसलं नाही! जोरात! पाठ लावा!" त्यांनी पाठ लावली असावी, कारण दार घट्ट आले आणि खटका बसल्याचा आवाज झाला. सकाळपासून मी ज्या आवाजासाठी त्या दाराशी झटत होते, तोच आवाज. मी दोन्ही हातांनी दारावर थापा मारल्या आणि ओरडले, "बसलं! बसलं!" व्हिडिओत ज्या थापा ऐकू येतात त्या या. त्या मदतीसाठी नाहीत. त्या वेळी मी खूश होते. हे ऐकायला कसे वाटते ते मला माहीत आहे, पण खरे तेच आहे. पलीकडे मुली उतरत होत्या आणि दार बसले होते. दार इतके जाड आहे की माझे शब्द बाहेर गेले नसणार, नुसत्या थापा गेल्या. व्हिडिओ काढणाऱ्या मुलीने जे ऐकले ते तिने खरेच ऐकले, तिचा दोष नाही.

तसेच सांगते की, त्या दाराला आतल्या बाजूने आडवी दांडी आहे, ती दाबली की दार आतून उघडते. म्हणजे मला कोणी कोंडले नव्हते. बजरंगमामांनी पाठ लावून धरले ते खटका कच्चा होता म्हणून, आणि मी सांगितले म्हणून.

नंतर मी गुडघ्यांवर बसून, डावा हात भिंतीला लावून पुढे सरकले. इन्व्हर्टरच्या खोलीसमोरून जाताना प्लायवुडच्या दारावरचा रंग फुगून फोड आलेले दिसले. वरच्या फटीतून ज्वाळा बाहेर येत होत्या. उजव्या गालाला चटका बसला, कानामागचे केस जळाले, त्याचा वास मला आला. तिथून पुढे मी रांगले नाही, पोटावर सरपटले. मला भीती वाटली का असे विचारण्यात आले. वाटली. पण त्याबरोबर अंगात असे काही भरले होते की मी मोठमोठ्याने स्वतःशी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही. उर्दूत बोलत होते एवढे आठवते.

शेवटच्या खोलीचे दार लोटले तर आत धूर जवळजवळ नव्हता. सृष्टी पाठमोरी बसून पेपर सोडवत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने हेडफोन काढला, माझ्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, अजून वेळ हाय की." मग तिने मला पाहिले. माझ्या तोंडाला ओली ओढणी, कपाळ काळे. तिने विचारले, "तुम्ही कोण?"

मी म्हणाले, "उठ. आग लागलीय."

ती पिशवी भरायला लागली. मी पिशवी तिच्या हातातून घेऊन खाली टाकली आणि तिला धरून बाहेर काढले. तेवढ्या वेळात पॅसेजमधला धूर कमरेच्या खाली आला होता. मागच्या जिन्याचे दार तिथून थोडेच पुढे होते. मी दांडी दाबली. दार उघडले. सकाळी त्याला साखळी होती.

आम्ही जिन्यात आलो आणि दार आमच्यामागे आपोआप लागू लागले. मी थांबून ते लागताना पाहिले. शेवटच्या वीतभर अंतरात ते हळू झाले आणि मग खटकन बसले, अगदी बसायला हवे तसे. सृष्टी माझी बाही ओढून म्हणाली, "ताई, काय बघायलात, चला ना!" त्यावर मला हसू आले. हसताना धूर घशात गेला व मी खोकत खोकत उतरले.

मागच्या गल्लीत मेसच्या केवळाबाई यांनी आम्हाला पाणी दिले. माझ्या तोंडावरून पदर फिरवला आणि "कुणाची गं तू?" असे विचारले. मी नांदेडची, असे सांगितले. त्यांनीच ऑटो थांबवून आम्हा दोघींना जवळच्या खाजगी दवाखान्यात पाठवले. तिथे आम्हाला ऑक्सिजन लावण्यात आला व नाव-गाव लिहून घेण्यात आले. माझा मोबाइल इमारतीतच राहिला होता. इमारतीच्या पुढच्या बाजूला त्या वेळी काय चालले होते हे मला काहीही माहीत नव्हते. अग्निशमनची गाडी आली, आग दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्येच विझली व सर्व मुली सुखरूप उतरल्या, एवढे दवाखान्यातल्या परिचारिकेने सांगितले. ते ऐकून मी खाटेवर उठून बसले व तिला दाराची सगळी हकीकत सांगितली. तिने मला पडून राहायला सांगितले.

संध्याकाळी आई साबेरा व भाऊ हमजा नांदेडहून आले. आई माझ्या जळालेल्या केसांना हात लावून जे बोलली ते येथे लिहिण्याची गरज नाही.

आज सकाळी हमजाने मला त्याच्या मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. त्याला त्यातल्या थापा माझ्या आहेत हे माहीत नव्हते. "आपा, बघ, कसा माणूस आहे, दोघींना आत कोंडलं," असे तो म्हणाला. खाली लोकांनी फार वाईट लिहिलेले होते. हमजाने आणखी सांगितले की, बजरंगमामा शेवटच्या मुलीमागे खाली उतरले तेव्हा दारातच जमावाने त्यांना धरले आणि मारले. त्यांनी हात वर केला नाही. काही सांगितलेही नाही. मालक रामलिंग शेटकार यांनी, माणूस घाबरला आणि त्याने स्वतःच्या मनाने दार लावले, असे लोकांसमोर सांगितले. पोलिसांनी बजरंगमामांना जमावातून सोडवून ठाण्यात आणले.

मी हातातली सलाइनची सुई काढायला लावली. डॉक्टर नको म्हणत होते. आई, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, माझ्या बाजूने बोलली. ती म्हणाली, "जाऊ द्या तिला, नाहीतर ती इथं ओरडेल."

ठाण्यात येण्यापूर्वी मी इमारतीपाशी थांबले. अग्निशमनच्या अधिकाऱ्यांनी मला त्यांच्यासोबत पुढच्या जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत नेले. ते दार त्यांनी तोपर्यंत उघडलेले होते. आतल्या बाजूने ते पूर्ण काळे झाले होते, पत्रा पोळून निळा पडला होता, कडेची पट्टी फुगून दगडासारखी घट्ट झाली होती. बाहेरच्या बाजूला मी काढायला सांगितलेले पोस्टर जसेच्या तसे होते. कागदी पोस्टर. एकाही मुलीचा फोटो पिवळासुद्धा पडला नव्हता. मी अधिकाऱ्यांचा हात धरून त्यांना ते दाखवले. ते म्हणाले, "दिसतंय, मॅडम, दिसतंय." जिन्याच्या वरच्या भिंती पांढऱ्या होत्या. दार लावले नसते तर जिना आतून काळा झाला असता आणि तिसऱ्या मजल्याच्या मुली त्यात असत्या. माझा धंदा हाच आहे, म्हणून हे मी अंदाजाने नाही, खात्रीने सांगते.

त्यानंतर मी ठाण्यात आले. बजरंगमामा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. डोक्याला पट्टी, डावा हात झोळीत. ते जमिनीकडे बघत होते. सृष्टी व मी जिवंत असल्याची नोंद दवाखान्याकडून काल संध्याकाळीच ठाण्यात आलेली होती. बजरंगमामांना ते कोणी सांगितले नव्हते. कोणी का सांगितले नाही असे मी विचारले असता, त्यांनी विचारलेच नाही, असे उत्तर मिळाले. त्यांनी का विचारले नाही हे मला त्यांच्याकडे पाहून कळले.

मी म्हणाले, "मामा."

त्यांनी वर पाहिले. उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. मग विचारले, "अन् ती पोरगी?"

मी बाहेर जाऊन सृष्टीला हाक मारली. ती पळत आली, तिच्यामागे तिचे वडील अण्णाराव बिरादार. सृष्टी बजरंगमामांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, माझी पिशवी आतच राहिली."

अण्णारावांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यानंतर थोड्या वेळाने जबाब सुरू झाला.

मला विचारण्यात आले की, बजरंग सोनटक्के यांनी घाबरून किंवा स्वतःच्या मर्जीने दार लावले काय. नाही. मी सांगितले म्हणून, आणि वर मुली होत्या म्हणून. ते मुलींना सोडून पळाले काय. नाही, ते सर्वांत शेवटी उतरले. मागच्या दाराची साखळी कोणी लावून ठेवली होती. मालकांनी, तसे त्यांनी मला फोनवर स्वतः सांगितले. ती कोणी काढली. बजरंगमामांनी, मालकांना न विचारता. त्यांनी ती काढली नसती तर आज हा जबाब द्यायला मी नसते. माझी बजरंग सोनटक्के यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. त्यांना ज्यांनी मारले त्यांच्याविरुद्ध त्यांची तक्रार घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

हा जबाब चालू असताना पोलीस निरीक्षक साहेब आत आले. त्यांनी हवालदार मॅडमकडून झालेला भाग ऐकला, रामलिंग शेटकार यांना ठाण्यात बोलावण्यास सांगितले, आणि बजरंगमामांना घरी जाण्यास मोकळे असल्याचे सांगितले. ते गेले नाहीत. माझे काम संपेपर्यंत थांबतो म्हणाले. सृष्टीने त्यांना चहा आणून दिला. तो त्यांनी घेतला.

जबाब संपत आला असताना बजरंगमामा दारात येऊन म्हणाले की, दार लावल्यानंतर ते उभे होते तितका वेळ माझ्याशी बोलत होते. मान वळवून, दाराला तोंड लावून. शेवटची मुलगी उतरेपर्यंत. मी सांगितले की मला त्यातले काही ऐकू आले नाही. ते म्हणाले, "हाव, कसं येईल. जाड हाय ते." ते काय बोलत होते हे मी विचारले. त्यांनी सांगितले नाही. मी ते ऐकलेले नसल्याने ते माझ्या जबाबात घेता येत नाही, असे हवालदार मॅडम म्हणाल्या. म्हणून घेतलेले नाही.

वरील मजकूर हवालदार मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला व नंतर मी स्वतः नजरेखालून घातला. मी जे सांगितले तेच यात आहे आणि ते खरे आहे. मी ते यापेक्षा बरेच मोठ्या आवाजात सांगितले होते, एवढाच काय तो फरक.

समक्ष,
रुद्राणी स्वामी, महिला पोलीस हवालदार

जबाब देणार,
नाजिया फारूक मणियार